मला खरं चामडं नकोय, म्हणून ते ओळखायला शिकले

घड्याळाचा पट्टा तुटायला आला होता. नवा लावायचा म्हणून जुना काढला, तर आतल्या बाजूला, घामाने काळवंडलेल्या जागी, दोन शब्द ठसवलेले दिसले. 'जेन्युइन लेदर'. सहा वर्षं तो पट्टा माझ्या मनगटावर होता. मांसाहार सोडून मला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते आणि त्या पाच आठवड्यांत माझं सगळं लक्ष ताटाकडे होतं. पट्टा नाकाजवळ नेला. ओलसर, किंचित उग्र वास आला. तो वास मला चांगला ओळखीचा होता. इतकी वर्षं मी त्याला घड्याळाचा वास समजत होते.

त्या संध्याकाळी जमिनीवर एक जुनी चादर अंथरली आणि कपाटातलं जे जे चामड्यासारखं दिसतं ते सगळं काढून त्यावर मांडलं. बूट, सँडल, दोन कमरपट्टे, तीन पर्स, पाकीट, चष्म्याचं घर, डायरीचं कव्हर, लॅपटॉपची बॅग, किल्ल्यांची छोटी पिशवी, एक जाकीट. मोजून एकोणीस वस्तू निघाल्या. ठरवलं होतं की दोन ढीग करायचे, एक चामड्याचा आणि एक नकलीचा. तासाभराने तीन ढीग झाले होते, आणि तिसरा, म्हणजे 'कळत नाही' हा, सगळ्यांत मोठा होता. त्यात अकरा वस्तू होत्या.

पुढचे कित्येक दिवस मी खरं-खोटं चामडं कसं ओळखावं याबद्दल मिळेल ते वाचत होते. वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली, आणि ही पोस्ट मी मुख्यतः तिच्यासाठीच लिहिते आहे. हे सगळे सल्ले ज्याला खरं चामडं हवंय त्याच्यासाठी लिहिलेले असतात. त्याला भीती असते ती चामड्याचे पैसे मोजून प्लास्टिक गळ्यात पडण्याची. त्यामुळे त्याला सांगतात: पृष्ठभाग फार एकसारखा असेल तर घेऊ नकोस, प्लास्टिकचा वास आला तर ठेवून दे, रंध्रं छापील वाटली तर सोड. त्याच्यापुरतं हे बरोबर आहे. संशय आला की तो वस्तू खाली ठेवतो, त्याचं काही बिघडत नाही.

माझं नेमकं उलटं आहे. मला भीती आहे ती प्लास्टिक समजून चामडं घरी आणण्याची. मग 'हे प्लास्टिकसारखं दिसतंय' एवढ्यावर मी निर्धास्त होऊ शकत नाही. कारण वरून शंभर टक्के प्लास्टिक दिसणाऱ्या, लागणाऱ्या आणि वास मारणाऱ्या कितीतरी वस्तूंच्या पोटात जनावराचं कातडं असतं.

हे कसं होतं ते कळण्यासाठी कातडं म्हणजे काय ते थोडं समजून घ्यावं लागलं. कातड्याचा मुख्य भाग म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची गुंतवळ. वरच्या बाजूला हे तंतू अगदी बारीक आणि दाट असतात, तिथेच केसांची रंध्रं असतात. खाली जावं तसे ते जाड आणि सैल होत जातात. गाई-म्हशीचं कातडं जाड असतं, म्हणून कारखान्यात ते यंत्रावर आडवं चिरून त्याचे थर वेगळे करतात. वरचा थर मोलाचा. त्यावर रंध्रं असतात, नैसर्गिक रेषा असतात. खालचा थर म्हणजे 'स्प्लिट'. याला रंध्रं नसतातच, दोन्ही बाजूंनी नुसते तंतू. हा थर घासून मऊ केला की त्याचं स्वेड होतं. पण याच थरावर पॉलियुरेथेन (पीयू) या प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवून, त्यावर रंध्रांची नक्षी दाबून उठवली, की गुळगुळीत, चमकदार, डाग नसलेलं 'लेदर' तयार. बोटाला लागतं ते प्लास्टिक, नाकाला येतो तो वास प्लास्टिकचा, भिंगातून दिसतात ती रंध्रं छापील. आणि आत, पापुद्र्याच्या खाली, कातडं.

वरच्या थराचंही तेच. कातड्यावर जनावराच्या आयुष्यातल्या खुणा असतात. काटेरी तारेचे ओरखडे, किडे चावल्याचे डाग, भरून आलेल्या जखमा. त्या जास्त असतील तर पृष्ठभाग घासून काढतात, त्यावर रंगाचा थर देतात आणि साच्याने नवी, निर्दोष नक्षी उठवतात. त्यामुळे भिंग घेऊन 'हीच रेघ, हाच ठिपका थोड्या अंतरावर पुन्हा येतो का' हे शोधायची जी प्रसिद्ध युक्ती आहे ती माझ्या कामाची उरली नाही. नक्षी पुन्हा पुन्हा आली तर एवढंच कळतं की ती साच्याने उठवली आहे. कशावर उठवली आहे ते कळत नाही. मात्र रंध्रं खरी असली तर ती ओळखता येतात. ती एका ओळीत, एका मापाची नसतात. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे ताणून लांबट झालेली असतात. डुकराच्या कातड्यावर तर ती तीन-तीनच्या झुपक्यात, छोट्या त्रिकोणासारखी दिसतात. एकदा पाहिली की विसरता येत नाहीत. माझ्या एका बुटाच्या आतल्या मऊ अस्तरावर मला ते त्रिकोण दिसले. बूट बाहेरून कापडी होता.

वासाचंही तसंच. चामड्याचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्यात कातडं कमावण्याच्या, म्हणजे ते न कुजता टिकेल असं करण्याच्या, रसायनांचा आणि तेलांचा वाटा मोठा असतो, आणि तो वास नकली मालालाही देता येतो. पाण्याचा थेंब टाकून बघा म्हणतात. उघडं, लेप न दिलेलं चामडं थेंब शोषून गडद होतं हे खरं, पण लेप दिलेल्या चामड्यावरून पाणी तसंच ओघळतं. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर थेंब अर्धा तास तसाच बसून होता. ती बॅग मी नकलीच्या ढिगात ठेवली.

तिथून ती उचलायला लावली ती चपला-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांनी. बॅगेच्या मुठीची शिवण उसवली होती म्हणून मी ती त्यांच्याकडे नेली आणि सहज म्हटलं, "काका, हे रेक्झिनच आहे ना?" त्यांनी बॅगेच्या चकचकीत पाठीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ मूठ उलटी केली, जिथे शिवण उसवली होती तिथे अंगठ्याने कड जरा फाकवली आणि माझ्यासमोर धरली.

"ताई, तोंड काय बघता? तोंडाला रंग लावला की सगळी सारखीच. कड बघा."

मी पाहिलं. वर काळा, नखाच्या कडेइतका पातळ, काचेसारखा थर. त्याच्या खाली निळसर राखाडी रंगाचा, दाट, पिंजारलेल्या तंतूंचा भाग. काकांनी रापीच्या टोकाने त्यातलं थोडं खरवडलं. विणलेल्या कापडासारखा सलग धागा निघाला नाही, बारीक बारीक केसाळ तंतू निघाले, एकमेकांत गुंतलेले. तो निळसर रंग क्रोमचा. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली आणि तिने महिन्यांचं काम दिवसांवर आणलं. क्रोमच्या टाकीतून निघालेलं ओलं कातडं फिकट निळं असतं, आणि वरून कुठलाही रंग दिला तरी जाड चामड्याच्या मधोमध तो निळा-राखाडी पट्टा पुष्कळदा राहून जातो. मग काकांनी त्यांच्याकडचा रेक्झिनचा एक तुकडा त्या मुठीशेजारी धरला. त्याची कड म्हणजे दोन स्वच्छ थर, वर प्लास्टिक आणि खाली बनियनसारखी विणलेली पांढरी जाळी. दोघांमधला फरक मला अर्ध्या मिनिटात कळला. इतक्या दिवसांच्या वाचनाने जे झालं नव्हतं ते त्या कडेने केलं.

घरी आल्यावर मी चादर पुन्हा अंथरली. आता मी कुठल्याही वस्तूचा दर्शनी भाग बघत नव्हते. बघत होते त्या जागा, जिथे ती वस्तू कापली गेली आहे. कमरपट्ट्याला बक्कलासाठी पाडलेली भोकं. बुटाच्या जिभेची वरची कड, जी बहुतेक वेळा दुमडलेली नसते. नाडीच्या भोकांच्या आतली बाजू. पर्सच्या चेनच्या टोकाशी जिथे कापड संपतं ती जागा. पाकिटाच्या कप्प्यांच्या मागची बाजू. बॅगेच्या आत अस्तराला जिथे एखादी छोटी फट राहिलेली असते तिथे बोट घालून मागची बाजू चाचपायची. खरखरीत पण मऊ, लव असल्यासारखं लागलं तर संशय घ्यायचा. कापडाची वीण हाताला लागली तर बहुधा नकली.

यातही एक अडचण आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. बहुतेक महागड्या वस्तूंची कड रंगवलेली किंवा दुमडून शिवलेली असते. रंगवलेली कड म्हणजे दाट रंगाचे थरावर थर, आतलं काही दिसत नाही. आणि मागच्या बाजूची लव हा शंभर टक्के पुरावा नाही. मायक्रोफायबरची नकल मागूनही तंतुमय असते. १९७० साली जपानमध्ये तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी अतिसूक्ष्म कृत्रिम तंतूंपासून स्वेडसारखं कापड बनवलं, आणि तेव्हापासून ही जात सुधारतच गेली आहे. हात लावून फरक करणं मलाही दर वेळी जमत नाही. लक्षात आलेली एक गोष्ट अशी की तिची लव फार शिस्तीची असते. सगळीकडे सारखी उंची, सारखी जाडी. कातड्याची मागची बाजू तशी नसते. तिथे कुठे तंतू लांब, कुठे विरळ, कुठे शिरेची पुसट रेघसुद्धा दिसते. ती शिरेची रेघ मी जाकिटाच्या आत, खिशाच्या मागे पाहिली. झाडाच्या फांद्यांसारखी पसरलेली. मी ते जाकीट बराच वेळ मांडीवर घेऊन बसले होते.

ज्यांचा निकाल डोळ्यांनी आणि बोटांनी लागला नाही त्यांच्यासाठी मी जाळून पाहिलं. हे फक्त स्वतःच्या वस्तूवर आणि घरातच करायचं, हे सांगायलाच नको. मागच्या बाजूचे तंतू चिमट्याने तिळाएवढे उपटायचे, खिडकी उघडायची आणि चिमट्यातच धरून ज्योतीजवळ न्यायचे. वरच्या थरासकट तुकडा जाळू नये. लेप प्लास्टिकचा असला तर तो वितळून सगळा गोंधळ होतो, आणि पीव्हीसी असेल तर त्याचा धूर घशाला लागतो, त्यात हायड्रोजन क्लोराइड असतं. कातड्याचे तंतू आक्रसतात, काळे होतात, चुरता येतील अशी राख होते आणि केस जळाल्याचा वास येतो. सुती जाळी कागदासारखी जळते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. केस जळाल्याचा तो वास एकदा आला की उरलेली शंका राहत नाही. लोकर आणि रेशीमही असंच जळतं, त्यामुळे आत लोकरीचं नमदं असेल तर चकायला होतं. अर्थात प्राण्याचं आहे एवढं तरी त्यातून कळतंच.

सगळ्यांत फसवी निघाली ती डायरी. कव्हरची कड पुठ्ठ्यासारखी, तंतू आखूड, विणही नाही आणि गुंतवळही नाही. जाळलं तर केसांचाही वास आला आणि प्लास्टिकचाही. हे 'बाँडेड लेदर'. चामड्याच्या कारखान्यात उरलेले तुकडे आणि भुगा दळून, त्यात चिकटवणारं द्रव्य घालून, लगद्यासारखे तक्ते करतात आणि वरून लेप देतात. ज्याला खरं चामडं हवंय तो याला नकली म्हणून नाक मुरडतो. मी ते चामड्याच्या ढिगात ठेवलं. प्राणी त्यात होताच.

आता शब्दांबद्दल, कारण इथे मी जी चूक केली ती दुसऱ्या कुणी करू नये असं मनापासून वाटतं. शाकाहारी होऊन तीन महिने झाले होते. जुनं पाकीट फाटलं होतं आणि मी ऑनलाइन नवं शोधत होते. एका विक्रेत्याच्या पानावर लिहिलं होतं 'शंभर टक्के व्हेजिटेबल टॅन्ड, नैसर्गिक, क्रोममुक्त'. सोबत झाडाच्या पानांचं चित्र. मी 'व्हेजिटेबल' हा शब्द वाचला आणि वनस्पतीपासून बनवलेलं समजून मागवलं. पाकीट आलं तेव्हा त्याची कड न रंगवलेली, मधासारख्या रंगाची, तंतुमय होती. हातात घेताक्षणीच कळलं.

व्हेजिटेबल टॅनिंग म्हणजे वनस्पतींच्या रसाने कमावणं. ओक, चेस्टनट, मिमोसा, बाभळीची साल, हिरडा यांच्यात टॅनिन असतं. ते कोलॅजनला धरून बसतं आणि कातडं कुजत नाही. माणूस क्रोमच्या आधी हजारो वर्षं हेच करत आला. वनस्पती आहे ती टाकीतल्या पाण्यात, पाकीट कातड्याचंच. विक्रेत्याने एकही शब्द खोटा लिहिला नव्हता. पण पानांचं चित्र कशासाठी होतं, हे मी त्यांना लिहून विचारलं. त्यांनी पाकीट परत घेतलं, उत्तर मात्र आलं नाही. मला अजूनही त्या चित्राचा राग येतो.

म्हणून हे शब्द नीट लक्षात ठेवा. 'जेन्युइन', 'टॉप ग्रेन', 'फुल ग्रेन', 'स्प्लिट', 'नापा', 'नुबक', 'बाँडेड', 'कोटेड', 'व्हेजिटेबल टॅन्ड', हे सगळं प्राण्याचं. 'पेटंट लेदर' म्हणजे लाखेसारखी चमक दिलेलं. ते मूळचं कातड्याचंच, पण आज तसंच दिसणारं प्लास्टिकही त्याच नावाने विकलं जातं, म्हणून विचारावं लागतं. 'स्वेड' हा शब्द एकटा आला तर प्राण्याचं समजून चालायचं, 'फॉक्स स्वेड' किंवा 'मायक्रोस्वेड' असेल तर नकल. 'पीयू लेदर', 'लेदरेट', 'फॉक्स लेदर', 'मॅन-मेड', 'सिंथेटिक', 'व्हीगन लेदर' ही सहसा नकलेची नावं. रेक्झिन हे खरं तर इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या मालाचं नाव, सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेलं. आता ते सगळ्या नकली चामड्याला चिकटलं आहे.

बुटांच्या बाबतीत एक चांगली सोय आहे. युरोपीय संघाने १९९४ मध्ये पादत्राणांच्या लेबलांसाठी नियम केला आणि त्यासाठी चित्रखुणा ठरवल्या. तिथे विकायला बनवलेले बूट जगभर फिरतात, त्यामुळे ही चित्रं तुम्ही बुटाच्या आत किंवा तळाला नक्की पाहिली असतील. डाव्या बाजूला बुटाचे तीन भाग: वरचा भाग, अस्तर आणि सुकतळा मिळून एक, आणि बाहेरचा तळ. त्यांच्या समोर, प्रत्येक भाग कशाचा आहे ती खूण. पसरलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. कातड्याच्या आकारात चौकट असेल तर लेप दिलेलं चामडं. जाळी म्हणजे कापड. नुसती उभी शंकरपाळ्यासारखी चौकट म्हणजे इतर पदार्थ, त्यात बहुतेक प्लास्टिक-रबर आलं. हे चार आकार मी मोबाइलमध्ये साठवून ठेवलेत.

पण इथेही ती उलटी गोष्ट आडवी येतेच. या नियमात प्रत्येक भागासाठी तो पदार्थ सांगायचा जो किमान ८० टक्के आहे. वरच्या भागाचा हिशोब करताना काठाची पट्टी, घोट्याजवळचे तुकडे, सजावट, बक्कल धरत नाहीत. चामड्याच्या ग्राहकासाठी ८० टक्के पुरेसं आहे. माझ्यासाठी उरलेले २० टक्के महत्त्वाचे. जाळीची खूण असलेल्या बुटालाही टाचेमागे चामड्याचा एक तुकडा शिवलेला असू शकतो. म्हणून मी खूण बघते आणि मग तरीही बोट फिरवते. टाचेची मागची पट्टी, नाडीच्या भोकांभोवतीची पट्टी, जीभ आणि सुकतळा. सुकतळ्यात फार वेळा चामडं निघतं, कारण ते घाम शोषतं.

असेच आणखी कानेकोपरे आहेत. जीन्सच्या मागे कमरेला शिवलेला तो कंपनीच्या नावाचा चौकोन. हल्ली तो बऱ्याचदा कागदापासून केलेला असतो, पण काहींवर खरं चामडं असतं. बॅगेच्या चेनला लावलेली छोटी वादी. टोपीच्या आत कपाळाला लागणारी पट्टी. गाडीच्या स्टीअरिंगचं आवरण. 'लेदर सीट' म्हणून जी मिळते तिच्यात कधी बसायच्या आणि टेकायच्या जागेपुरतंच चामडं असतं, कडा आणि मागची बाजू व्हिनाइलची. म्हणजे मागच्या बाजूला हात लावून 'हे प्लास्टिक आहे' म्हटलं तर फसलो. जुन्या वस्तूंत सरसही असतो, तो हाडं आणि कातडं उकळून करतात. बुटांसाठी आता बहुतेक कृत्रिम गोंद वापरतात, पण जुन्या पुस्तकांच्या बांधणीत आणि लाकडी सामानात तो असतो. तिथवर मी जात नाही. घरातलं जुनं लाकूड उकलून बघायचं नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवलं.

नकली चामड्याबद्दल मला जे वाटतं तेही लिहिते. पीयूचा बूट दोन-तीन वर्षांत सोलून निघतो, पापुद्रे पडतात. हवेतल्या ओलाव्याने पॉलियुरेथेनचे बंध तुटत जातात, म्हणून न वापरता कपाटात ठेवलेलाही सोलतो. तो पुन्हा कशात जिरत नाही. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीने १९६० च्या दशकात कॉर्फॅम नावाचं नकली चामडं मोठ्या आशेने बाजारात आणलं, त्याचे बूट टिकायचे, पण पायाला ते चामड्यासारखं सैलावत नसे. १९७१ मध्ये ते त्यांनी बंद केलं. पायाला सैलावणारं, श्वास घेणारं आणि टिकणारं काहीतरी प्राण्याशिवाय बनवणं खरोखर अवघड आहे. अननसाच्या पानांच्या तंतूंपासून, निवडुंगापासून, सफरचंदाच्या चोथ्यापासून, बुरशीच्या जाळ्यापासून प्रयत्न चालू आहेत. त्यांपैकी कित्येकांत पॉलियुरेथेन किंवा दुसरं एखादं राळेसारखं द्रव्य मिसळलेलं असतं, ते लेबलवर बारीक अक्षरात सापडतं. मला ते चालतं. माझा निर्णय प्राण्यासाठी आहे. प्लास्टिकचं ओझंही मला कमी करायचं आहे, म्हणून जिथे जमेल तिथे मी थेट कापडाकडे वळले. घड्याळाला विणलेला पट्टा, जाड सुती कापडाची बॅग, कापडी कमरपट्टा. जी वस्तू चामड्यासारखी दिसायचा प्रयत्नच करत नाही तिची तपासणी करावी लागत नाही, हा मोठा आराम आहे.

जुन्या चामड्याच्या वस्तूंचं काय केलं, असं मला बरेच जण विचारतात. एकोणीसपैकी शेवटी बारा चामड्याच्या निघाल्या. फेकून दिल्याने तो प्राणी परत येत नाही. ज्या वापरवतात त्या झिजेपर्यंत वापरते, ज्या अंगाला लावाव्याशा वाटत नाहीत त्या गरज असलेल्यांना दिल्या. जाकीट दिलं. वडिलांचा कमरपट्टा ठेवला. त्याच्या पाचव्या भोकाशी त्यांच्या पोटाचा बाक अजून तसाच आहे.

राहिली ती एक पर्स. माझ्या वाढदिवसाला मोठ्या बहिणीने दिलेली. मी शाकाहारी झाले हे तिला माहीत होतं, आणि तिने दुकानात दोनदा विचारून घेतली होती, "चामडं नाही ना?" नाही म्हणाले होते. पर्स वरून चकचकीत होती, रंध्रं छापील, वास प्लास्टिकचा, सगळ्या कडा दुमडलेल्या आणि आत पूर्ण अस्तर. दोन महिने ती 'कळत नाही'च्या ढिगात एकटीच होती. मला ती उघडायची नव्हती. एका रात्री शेवटी आतल्या खिशाची शिवण ब्लेडने बोटभर उसवली आणि अस्तर बाजूला केलं. निळसर राखाडी तंतू होते. लॅपटॉपच्या बॅगेसारखेच.

ताईला सांगावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "दाखव."

मी ती उसवलेली शिवण तिच्यासमोर फाकवली. वरचा काळा पापुद्रा दाखवला, खालचे तंतू दाखवले, माझ्या जुन्या रेक्झिनच्या पर्सची जाळी शेजारी ठेवली. तिने दोन्हींवरून नख फिरवलं. "त्याने मला सरळ खोटं सांगितलं," ती म्हणाली. मी म्हटलं, "कदाचित त्यालाही माहीत नसेल गं. वरून बघून कुणालाच कळत नाही." ती पर्स तिने स्वतःकडे ठेवली. ती मांसाहारी आहे, तिला ती चालते.

गेल्या आठवड्यात आम्ही दोघी मला पावसाळी बूट घ्यायला गेलो होतो. मी लेबलवरच्या खुणा बघत होते. तेवढ्यात ताईने माझ्या हातातून बूट घेतला, नाडी सैल केली, जीभ बाहेर ओढून उलटी केली आणि दिव्याखाली धरून तिची कड बघू लागली. मग सुकतळा उचलला आणि त्याच्या खालून अंगठा फिरवला.

"जाळी आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या पायाचाही बघू दे."